नानांचा गालिचा कुणी नासवला

बसा बाबांनो, बसा. बायांनो, पुढं सरका, मागं ऊन लागतंय. आपल्यासाठी धारूरातली एवढी माणसं जमतात, हे सलीमला जिवंतपणी कळलं असतं ना, तर त्यानं तुम्हा सगळ्यांना सतरंज्या झटकायला लावलं असतं.

गालिचे धुणारा सलीम छातीत कळ येऊन गेला, त्याला आज आठवा दिवस. आणि त्याच्या दुकानाच्या अंगणात त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी मी ठणठणीत उभी. हा काय न्याय झाला? पण मी रडायला उठले नाही. एक गोष्ट राहिली आहे, ती सांगायला उठले.

सहा वर्षं मी त्याच्या हाताखाली होते. घरी बसून सुनेचं डोकं खात होते, म्हणून सुनेनंच मला इथं आणून सोडलं. सलीम म्हणाला, “आक्का, ब्रश मारता यील का?” म्हटलं, “चार लेकरं घासून मोठी केली बाबा, तुझा गालिचा काय चीज हाय?”

त्याचं मशीन तुम्ही बघितलंय. जोरानं पाणी मारायचं आणि लगेच मळासकट ओढून घ्यायचं. जोर किती, ते काट्यावर दिसतं. मला आकडे कुठले वाचता येतात? म्हणून त्यानं काचेवर दोन ठिपके दिले. मऊ गालिच्याला हिरवा. मांडवातल्या जाड सुती सतरंजीला लाल. एवढंच माझं शिक्षण.

आता नाना, मान वर करा. मंगल कार्यालय तुमचं, गालिचाही तुमचाच होता. तो शुक्रवार आठवतो? सलीम नमाजाला गेलता. तुम्ही आलात आणि म्हणालात, “आक्का, उद्या लग्न हाय. हे काय रडत-रडत पाणी मारताय? लावा की जोर!”

आणि मी लावला. लाल ठिपक्याच्याही पुढं. आपल्याकडं ट्रॅक्टर कसा धुतात? चिखल उडाला की आपण खूश. मला वाटलं, गालिचाही तसाच. आणि दिसलाही कसा! नवरीपेक्षा गालिचाच देखणा. तिसऱ्या दिवशी दुसरं वऱ्हाड आलं, आणि असा कुजका वास सुटला की पंगतीतून माणसं उठली. गालिचा उलटला, तर खालचं चिकटवलेलं कापड सालीसारखं सुटलेलं.

नाना वडवणीत बोलले, घाटनांदूरपर्यंत बोलले: सलीमचं मशीन गालिचे फाडतं. सलीम गप्प. मांडववाल्यांनी येणं बंद केलं. सलीम गप्प. आणि मी? मीही गप्प. ही जीभ, जी सुनेसमोर कधी थांबली नाही, ती तेव्हा थांबली.

एकदा विचारलं त्याला, “माझं नाव कावून सांगत न्हाईस रे?”

तो म्हणाला, “आक्का, चूक माझी हाय. तुमाला ठिपके दावले, कारण सांगितलं न्हाई.”

मग बसवलं मला आणि कारण सांगितलं. पाण्याचा जोर मळ काढत नाही, आक्का. पाणी फक्त मळाला जागं करतं. काढायचं काम ओढीचं. जोर जास्त झाला की पाणी तळात घुसतं, तिथून मशीनला ओढता येत नाही, ते आतच कुजतं. म्हणून आधी एका कोपऱ्यावर मारायचं, खालून हात लावायचा. तळ कोरडा, तर जोर बरोबर. तळ ओला, तर कमी कर, मग मालक कितीही घाई करो.

ऐकलंत? मालक कितीही घाई करो.

तर बाबांनो, गालिचा सलीमनं नासवला नाही. मशीननं नासवला नाही. या दोन हातांनी नासवला. घाई नानांची, हात माझे. आणि जो बोलला नाही, त्याचं नाव गेलं. हे मी त्याच्या जिवंतपणी चावडीवर सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. त्याची माफी आता कुणाकडं मागू?

दुसरं. परवापासून कुजबुज ऐकते, “नसरीन पोरगी हाय, तिला काय जमतंय, मशीन विकून टाका.” सलीमची ही लेक बारा वर्षांची असल्यापासून गालिच्याच्या तळाला हात लावून बघते. तुमच्यातल्या कुणी बघितलाय का कधी? मशीन विकायचं नाही. उद्यापासून ती चालवणार, ब्रश मी मारणार. जोर कमीच राहणार. ज्याला ट्रॅक्टरसारखा धुवून पाहिजे, त्यानं खुशाल ट्रॅक्टरवाल्याकडं जावं.

सलीम, लेका, तुझ्या आक्काचा तुला सलाम.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं गप्प. तेवढ्यात कुणाला मला शिव्या द्यायच्या असतील तर मनात भरपूर द्या. पण त्यात सलीमचं नाव येता कामा नये.