अडकलेली वाक्यं

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते.

“बाबांच्या छातीत कळा येत होत्या आणि शेजारच्या खोलीत असून तुला कळलं नाही?”

“ताई, घशाच्या ऑपरेशनपासून ते टाइप करतात आणि कॉम्प्युटर बोलतो. सकाळी मी त्यावरची लिनक्स सिस्टीम अपग्रेड केली. एक जुनं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक तुकडा, काढू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी न वाचताच हो म्हटलं.”

“मग?”

“आवाजाचा प्रोग्राम त्याच पॅकेजवर चालत होता. ते गेलं आणि कॉम्प्युटर मुका झाला. मला वाटलं, बाबा रुसून गप्प बसलेत.”

“आणि कळलं कधी?”

“अपग्रेडमध्ये काय काय उडालं ते माझ्या खोलीतूनच त्यांच्या कॉम्प्युटरला जोडून तपासत होतो. ते पॅकेज परत टाकलं, तशी अडकलेली वाक्यं एकामागून एक ऐकू यायला लागली. ‘छातीत दुखतंय.’ ‘उठता येत नाही रे.’ मी धावत सुटलो.”

“डॉक्टर म्हणालेत ना, धोका टळलाय. आता डोळे पूस.”

“शेवटचं वाक्य तू ऐकलं नाहीस, ताई.”

“काय होतं?”

“‘राहू दे. कामात असशील.’”