रूबेनचा स्वेटर

नाही, नाही, बसा हो, घाई काय एवढी — हेस्टर खोलीत आहे, तयार आहे, शेजारची एडिथ बसलीय तिच्यापाशी, कोटसुद्धा घातलाय तिला. बॅग मी भरलीय. चहा घ्या आधी. दूध घातलंय, चालतं ना? आम्हा फ्लॅम्बरोच्या माणसांना असाच दाट लागतो — तिला नाही, ती फायलीची. हे काय, खाडीपलीकडचं गाव, हवा स्वच्छ असली की इथून दिसतं. पण लग्न करून आली तेव्हा आमची आई कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नव्हती, बाहेरची म्हणून. त्यात हिनं मला पहिला स्वेटर विणला तो त्यांच्या गावच्या विणीचा — दोर आणि शिडी; आम्हा कोळ्यांत गावागणिक वीण वेगळी. आई म्हणाली, हा घालून माझा मुलगा होडीवर जायचा नाही, लोक म्हणतील फायलीला घरजावई दिला की काय. हसू नका, तेव्हा असंच होतं. हेस्टरनं अख्खा स्वेटर उसवला, आमची वीण शिकून घेतली — जाळं नि तिरप्या चौकटी — आणि मग जन्मभर मला तीच. हा अंगातलाही तिचाच. मनगटापाशी झिजला की तेवढीच बाही खालून उसवायची नि पुन्हा विणायची. बघा बरं, कुठं जोडलंय कळतं का? नाही कळत.

तर काय सांगत होतो — हां, विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग माझं, मग गॅस बंद करायचं. सुया मात्र नाही विसरली, हात आपले चालूच. मला वाटलं, माझ्यासाठीच विणतेय. छातीपर्यंत आलं तेव्हा पाहिलं — दोर, शिडी. म्हटलं, हेस्टर, कुणाला गं हा? म्हणाली, रूबेनला. रूबेन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वादळात होडीसकट गेला, आमच्या लग्नाच्या आधी, सापडलाच नाही. मी आपला खरं सांगायला गेलो. तर बाई, अशी रडली — जणू बातमी आत्ताच दाराशी आलीय. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, रूबेन आला का? पुन्हा सांगू? एकाच पोराला किती वेळा बुडवायचं? मग खोटं बोलायला लागलो. वारा उलटा आहे, स्कारबरोच्या बंदरात थांबलेत, येतील. ती म्हणायची, बरं, तोवर माझी बाही होईल.

मुलीनं तुमच्या वृद्धाश्रमात फोनवर सांगितलंच असेल, आई घरातून निघून जाते म्हणून. एकदाच गेली हो. स्वेटर पुरा झाला त्या दिवशी. कागदात गुंडाळला नि उतारावरून खाली, समुद्रावर. मी पोचलो तर कमरेइतक्या पाण्यात उभी, पुडकं डोक्यावर धरून — भिजू नये म्हणून. आणली धरून. पण म्हणून नाही बोलावलं मी तुम्हाला. दाराला कडी लावता येते. लावलीही होती.

ते पेन ठेवा जरा.

दुसऱ्या दिवशी ती खाईना. रूबेन येऊ दे, मग. दुपार झाली तरी तेच. तेव्हा मला काय दुर्बुद्धी सुचली — तो स्वेटर मी घातला. कोवळ्या पोराच्या मापाचा, माझ्या गळ्यातून उतरेना, ओढून-ताणून बसवला पोटावर. टोपी कपाळावर ओढली, मागच्या दारानं गेलो नि पुढच्या दारानं आत आलो. म्हटलं, आलो गं ताई. ती उठली. जवळ आली. छातीवरची वीण बोटांनी चाचपली, एकेक टाका, किती प्रेमानं म्हणून सांगू. मग वर बघितलं.

म्हणाली, "हा तुम्हाला कुठं मिळाला?" तुम्हाला म्हणाली. मला, जन्मभर अरे-तुरे केलेल्या नवऱ्याला. "माझ्या भावाच्या अंगावरून काढलात?"

ओरडली नाही हो, हळूच विचारलं. मी काढायला गेलो तर डोक्यात अडकला, निघेना, आत सगळा अंधार, आणि बाहेरून तिचं चाललंय — कुठं आहे तो, कुठं टाकलात त्याला.

तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. मी खोलीत गेलो की भिंतीला पाठ लावून उभी राहते. दाढी वाढवून पाहिली, काढून पाहिली. स्वतःच्या तोंडाचं काय करू मी? बाकी सगळं विसरते, पोटच्या मुलीला विसरली — एवढं एक विसरत नाही. रोज सकाळी वाटतं, आज विसरेल. दाराच्या फटीतून बघतो. नाही. एडिथ भरवते तेव्हा चार घास जातात. कळलं ना आता? ती निघून जाते म्हणून नाही. मी इथं आहे म्हणून.

अंड्यावर मीठ जास्त लागतं तिला. पाय गार पडतात. समुद्राकडची खोली देऊ नका — किंवा द्या, मला नाही समजत. भेटायला? काय म्हणून येऊ, सांगा.

उठली वाटतं. हां, एडिथच आणतेय. पुढच्या दारानं न्या, मी इथं मागं कोळशाच्या खोलीत थांबतो, मला पाहिलं तर गाडीत बसायची नाही. आणि वाटेत तिनं विचारलं, तो घरातला माणूस कुठं गेला, तर सांगा पोलिसांनी धरून नेला. म्हणजे झोप लागेल तिला. जा. कप राहू द्या तिथंच. जा हो.