सुभेदारापासून साहेब

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी गडब गावच्या घरी दारावरची पाटी पुसत होते: सुभेदार शेडगे. "रिटायर होऊन वीस वर्षं झाली, बाबा. आता कोण साहेब म्हणणार तुम्हाला?" मी म्हणाले. ते हसले आणि पुसत राहिले.

महिन्याने आईच्या पेन्शनच्या कागदांसाठी मी पेणला तहसिलीच्या रांगेत होते. माझ्यापुढे एक म्हातारे, खिडकीपलीकडे तरुण कारकून मुलगी.

"आजोबा, इथं सही करा."

"आजोबा घरी गो. हितं हवालदार पुंडलिक घरत."

"बरं, हवालदार साहेब."

"नाय नाय! फौजेत साहेब म्हनायचं नायब सुभेदारापासून वर. हवालदाराला नुसतं हवालदार."

"एवढं काटेकोर?"

"व्हय तर! आमचा कॅप्टन पंचविशीतला पोर. सुभेदार त्याला सलाम ठोकायचा, आनि तो सुभेदाराला साहेब म्हनायचा."

"मग मोठा कोण?"

"हुकूम कॅप्टनचा. पन साहेब म्हटल्याबिगर त्यानं कदी हाक मारली नाय."

"बसा हवालदार, मी शिक्का मारून आणते."

"आता जमलं बघ तुला!"

ते हसत बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने माझा नंबर आला.

"ताई, कागद कोणाचे?"

"सुभेदार साहेबांचे," मी म्हणाले. "माझे वडील."