नंबर चारचा बाप

...नाही, पण तुम्ही मले सांगा, दुःख कोणाले नसते? माह्या घुटन्याले दुःख आहे, शेजारच्या बापूजीले सुनेचं दुःख आहे, पण आम्ही कधी माईक घेऊन असे जमिनीवर लोळून बोंबललो का? अन् हे पोट्टे! वय काय तं बावीस, दोन टाईम गरम जेवण, आंघोळीचा टॉवेलही आई हातात देते, अन् गाणं काय तं ‘मी आतून संपलो’! अरे, संपला तं मग अकरा गाणे कोण म्हणून राहिलं बे?

तुम्हाले सांगतो, असंच मी एकदा तोंडावर बोललो अन् तिथूनच सारा गोंधळ सुरू झाला. पण माही काय चूक? मले इचारलं, म्हणून मी सांगतलं!

आता तुम्ही म्हणसान, हा नागपूरच्या मनीषनगरचा पेन्शनवाला कृष्णकांत, याचा अन् त्या इमो रॉकचा संबंध काय? थांबा ना बाप्पा, तेच सांगून राहिलो. माही पोट्टी, भूमिका. एकुलती एक. ऑफिसात कम्प्युटरवर काम करते, अन् बाकीचा वेळ कानात ते पांढरे बोंडं खुपसून राहते. घरी बोलते तं येवढं हळू, की मीठ मागितलं तं दोनदा इचारा लागते, काय म्हणलं वं? एका रविवारी आली अन् म्हणे, “बाबा, तुम्ही भजनाचे परीक्षक आहात ना? मग हे नवीन अल्बम ऐका अन् सांगा. मी व्हिडिओ काढतो... लोकाले मजा येईन.”

मी म्हणलं, हे काय आहे? म्हणे, “इमो आहे बाबा. इमोशनल.” मी म्हणलं, मग बाकीचं संगीत काय लाईटचं बिल आहे?

पण परीक्षक आहो, हे खरं. आपल्याकडे खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात ना, उमरेड, भिवापूर, कुही, अठरा वर्षं झाले मी तिथं कागद घेऊन बसून राहिलो. पाच रकाने. ताल, सूर, उच्चार, वेश, शिस्त. दहा-दहा मार्क. आता मले बिना कागदाचं गाणं ऐकताच येत नाही. लग्नात बँडवाला आला तरी हात खिशात पेन शोधते. अन् माहा एक नियम आहे, पूर्ण जिल्ह्याले माहीत आहे... मंडळाचं नाव मले सांगायचं नाही. नंबर सांगा! नाव कळलं की माणसाचा पेन घसरते. एकदा नंबर सातले मी एकवीस मार्क दिले, पन्नासपैकी. मागून कळलं, साळ्याचं मंडळ होतं! माहा जोडीदार परीक्षक ताराचंद कानात म्हणे, “दोनचार वाढव ना गा, घरचा माणूस आहे.” मी म्हणलं, पेनानं लिहिलं ते लिहिलं. साळा अजूनही पोळ्याले येत नाही, न येवो.

तं भूमिकाले मी सांगून टाकलं, बँडचं नाव नको सांगू, नंबर सांग. ऐकलं ना तुम्ही? मीच सांगतलं. स्वतःच्या तोंडानं!

झालं सुरू. दर रविवारी सकाळी एक अल्बम. नंबर एक, अमेरिकेचा कोणी गडी. नऊ गाणे, नऊही एकाच पोरीवर! ते गाव सोडून गेली, अन् हा गाडीत बसून रडून राहिला. भूमिका मले अर्थ सांगे. मी म्हणलं, गाडी आहे ना बे तुह्याजवळ? मग तिच्या गावाले जा, तिच्या मामाले भेट, चारचौघं घेऊन बस, निपटारा कर! नऊ गाणे म्हणण्यापरीस नऊ तास गाडी चालव! शिस्त, दहापैकी दोन.

नंबर दोन. हे लोकं सुरुवातीले अशे बोलतात, जसं घरात लहान लेकरू झोपलं आहे... हळू... हळू... मी आवाज वाढवला, अजून वाढवला, कान लावला, अन् तेवढ्यात, आआआ! पोहे अंगावर! शेजारून बापूजीचा फोन, “कृष्णकांत, वहिनीले काही झालं का गा?” पण खरं सांगतो, त्याचा ढोलवाला... वा! दोन पाय, दोन हात, चारही वेगळे, अन् एक ठोका इकडचा तिकडं नाही. माहा बाप उमरेडले हातमागावर बसे, त्याचे पाय अशे चालत. मी डोळे मिटले अन् दोन मिनिटं बापच दिसला मले. ताल, दहापैकी दहा. डोळे उघडले तं भूमिका मलेच पाहून राहिली होती.

नंबर तीनचा फोटो मागतला, कारण वेशाचे मार्क द्यायचे होते. चौघंही काळ्या कपड्यात, डोळ्याले काजळ. दहापैकी दहा! हसता काय? काळा तं काळा, पण चौघंही काळे! आमच्या मंडळात सारे पांढरे कपडे घालतात अन् एक गडी हटकून चौकडीचा शर्ट घालून येते. गाणं काही समजलं नाही, पण शिस्तीचे लोकं होते.

अन् मग आला नंबर चार.

मराठी होतं. मी खूश झालो, चला, एक तं आपलं निघालं. पोट्टी गाऊन राहिली होती. गाऊन म्हणजे... गळा फाडून. शब्द अर्धे गिटारच्या खाली. एकच समजे, “ऐक ना... ऐक ना...” एका गाण्यात चौदा वेळा, मोजलं मी. म्हणलं, फोटो दाखव. भूमिका म्हणे, “फोटो नाही बाबा.” फोटो नाही तं वेश शून्य! उच्चार दोन. सूर चार. ढोलाचं संपायच्या आधी गाणं सुरू, म्हणून शिस्त चार. ताल सात. सतरा! अन् येवढ्यावर थांबलो असतो तं मी कृष्णकांत कायचा? मोबाइलकडं तोंड केलं अन् म्हणलं, “मार्क जाऊ द्या हो. मले येवढंच सांगा, या पोट्टीचा बाप कोण आहे? लेकरू येवढं ऐक ना, ऐक ना करून राहिलं, अन् हा बाप कुठं मेला? आणा त्याले माह्यासमोर!”

स्वयंपाकघरातून वंदना, म्हणजे माही बायको, आली, हातात लाटणं. अन् म्हणे, “शोधाले कुठं जाता? इथंच तं बसून आहे. पोहे खाऊन राहिला.”

भूमिकानं मोबाइल बंद केला. “बाबा, नंबर चार मी होती.” येवढंच. उठली, आपल्या खोलीत गेली, अन् दार हळूच लावलं. आपटलं असतं ना, तं मले बरं वाटलं असतं.

पण मले इचारलं, म्हणून मी सांगतलं ना हो!

तीन आठवडे. तीन आठवडे पोट्टी माह्याशी बोलली नाही. मी समोर बसलो असतो अन् म्हणे, “आई, बाबाले सांग, गिझर बंद करा.” वंदना म्हणे, “गिझर बंद करा.” अरे, मी बहिरा आहो का? वंदना म्हणे, “बहिरे नाही, परीक्षक आहा!” तिलेच मागून इचारलं तं कळलं, पोट्टीनं अन् तिच्या दोस्तांनी आठ महिने मेहनत केली होती, इथंच बेसा भागात, एका मित्राच्या गॅरेजमधी. अन् आईजवळ म्हणे, बाबाले न सांगता ऐकवतो, म्हणजे खरं काय ते कळन. जिल्हाभराच्या लोकाले जे सांगतात, तेच मले सांगतीन.

मी ताराचंदले गाठलं. तो म्हणे, “सोपं आहे गा, सतराचे सत्तेचाळीस कर. बोर्डात बी पुनर्तपासणी होते.” मी म्हणलं, साळ्याले नाही वाढवले तं पोट्टीले कसे वाढवू? म्हणे, “साळ्याच्या घरी तुले राहा लागत नाही.”

मग मी काय केलं, दुपारी सारे झोपले की गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, अन् नंबर चार ऐकायचं. एकदा. दोनदा. अकरा वेळा! सातव्यांदा शब्द लागले, अन् गाणं कायचं होतं ते समजलं. दहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगमधी पोट्टीचं गाणं होतं, अन् पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. त्या दिवशी मी कुठं होतो? भिवापूरले! लोकाच्या पोरीले मार्क देत! तुम्हाले सांगतो, मले लाज वाटली. तिथंच बसून रडलो. साऱ्या तालुक्याचं गाणं ऐकलं मी, अन् घरचं राहूनच गेलं.

...पण उच्चार दोनच होते हो! काय करू? अकरा वेळा ऐकलं तरी दोनच!

अन् इकडं नवीनच आफत. तो व्हिडिओ. भूमिकानं नाही टाकला, ते तं असं करणार नाही, तिच्या ढोलवाल्या प्रज्वलनं टाकून देल्ला, ‘आणा त्याले माह्यासमोर’ इथवरचाच. साऱ्या नागपुरात फिरला. जरीपटक्याले मी साधा पंखा दुरुस्त कराले गेलो, तं दुकानदार पंख्याकडं पाहिना, माह्याकडंच पाहे. म्हणे, “काका, वो बाप मिला क्या?” मी म्हणलं, मिला. म्हणे, “कौन था?” मी पंखा तसाच घेऊन घरी आलो.

अन् बेस्याले त्यांचा कार्यक्रम होता, रविवारी चार वाजता. मले बोलावलं नव्हतं. मी गेलो. वंदनाले घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून, पहिल्या रांगेत, कागद-पेन घरी ठेवून. दोनशे पोट्टे, काळे कपडे, इतकं काजळ की वंदना म्हणे, “याईले कोणाची नजर लागून राहिली?” भूमिका मंचावर आली. तिनं मले पाहिलं नाही. गाणं सुरू झालं... ऐक ना, ऐक ना... अन् मधी जिथं गिटार थांबते, तिथं दोनशेच्या दोनशे पोट्टे एका सुरात ओरडले, “या पोट्टीचा बाप कोण आहे?”

दोनशे लोकं इचारून राहिले! अन् मले इचारलं की मी सांगतो, हे तं तुम्हाले आता माहीतच आहे. हात वर झाला बा माहा. शाळेत हजेरीले होते ना, तसा. उठलो, घुटना कडकड वाजला, अन् म्हणलं, “मी! मी आहो!”

छत उडालं असं वाटलं. पोट्टे नाचून राहिले, कोणी पाया पडून राहिलं, एकाचं काजळ माह्या सदऱ्याले लागलं. भूमिका तशीच उभी, माईक हातात, एक ओळ पूर्ण विसरली. मग बाकीचं गाणं तिनं माह्याकडं पाहूनच म्हणलं, अन् मी खुर्ची सोडून उभ्यानं ऐकलं.

कार्यक्रम संपला, पोट्टी खाली आली. तीन आठवड्यानंतर पहिला शब्द, “कसं झालं, बाबा?” वंदनानं मागून चिमटा घेतला... चांगलं झालं म्हणा! चांगलंच म्हणा! अन् मी, माही जीभ, अठरा वर्षांची आदत... म्हणलं, “दुसऱ्या गाण्यात ताल पळाला.”

वंदनानं कपाळावर हात मारला. अन् भूमिका गर्रकन प्रज्वलकडं फिरली, “पाह्यलं? मी तुले काय म्हणून राहिली होती बे!” मग मले म्हणे, “अन् उच्चार?” म्हणलं, “तीन.” “म्हणजे एक वाढला?” मी म्हणलं, “वाढला नाही. मंच नवीन, कागद नवीन.” हसली हो! माह्या हाताले धरून हसली, इतकी हसली की डोळ्यातलं काजळ खाली आलं, अन् माह्या जिवावरचा धोंडा उतरला.

आता सारं ठीक आहे. दुसरा अल्बम येऊन राहिला. आठ गाणे. आठही माह्यावर! एक माह्या मार्कावर, एक माह्या खोकल्यावर, एक मी बस स्टॉपवर तिचा हात धरून ‘पोट्टी कुठं गेली’ म्हणून ओरडलो होतो त्याच्यावर... मी म्हणलं, असू दे, घरात बोलणं तं सुरू झालं. पण परवा वंदनानं ते यादी मागतली. चष्मा लावून वाचली. वरून खाली. मग खालून वर. अन् म्हणे, “तेवीस वर्षं डबा मी भरला, झोडपलं मी, दहावीचा अभ्यास मी घेतला, अन् गाणे सारे याच माणसावर? माह्यावर एक बी नाही?” तेव्हापासून बोलणं बंद. पोट्टीशी नाही हो... माह्याशी!