तिसऱ्या हाकेनंतर

(नेवाशाकडच्या एका गावाची पडकी, पांढऱ्या मातीची गढी. दिवस कलला आहे. भुयाराच्या तोंडाशी हन्ना आणि सूर्यभान.)

हन्ना : नॅथन! अरे, ओ तरी दे.

सूर्यभान : ताई, दमानं घ्या. वरडल्यानं माती आनखी सुटंल. भिताड पार पोकळ झालंय. गावानं वर्सानुवर्सं हितूनच पांढरी माती न्हेली, घराच्या धाब्याच्या छपरावर टाकायला.

हन्ना : मामा, त्या ढिगाऱ्याच्या पलीकडे माझा नवरा आहे. कुदळ आणलीत ना? मग खणा की.

सूर्यभान : खनतो. पन कुठं खनू? आत दोन वाटा हायेत. डावी जुन्या पेवात जाती, धान्य साठवायच्या. उजवी आडाकडं. त्यो कुठल्या अंगाला हाय ते कळाया नको? भलतीकडं कुदळ घातली आन वरचं समदंच बसलं, मंग?

हन्ना : आडात तर पडला नसेल?

सूर्यभान : आसं वंगाळ बोलू नका. मगाशी खोकल्यासारखं झालं आत. तुमी ऐकलं न्हाई?

हन्ना : ऐकलं. म्हणजे तो आहे. शुद्धीवर आहे. मग बोलत का नाही? दुसरी माणसं बोलवा ना मामा, हात जोडते.

सूर्यभान : कोन हाय गावात? निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. उरल्यात त्यातल्या गोरक्षनाथाला फोन केला. त्यो म्हनला, पायथ्यापत्तूर येतो, वर न्हाई. दिवेलागनीला गढीवर कोन येतंय आता? मी आलो ते बी आमची कारभारीन कडूबाई मागं लागली म्हनून.

हन्ना : पूर्वी येत होते?

सूर्यभान : बाया-पोरं खुशाल यायची. मंग ती मोबाईलवरची गोष्ट आली. गढी हाक मारती, आपल्याच मान्साच्या आवाजात. आमची नात हाय ना, आरती, तिनं ऐकली आन रातभर आईला चिकटून झोपली. मंग समद्या गावानं ऐकली. तवापासनं दिवसा बी कुनी फिरकत न्हाई.

हन्ना : मामा, ती गोष्ट मी लिहिली आहे.

सूर्यभान : काय?

हन्ना : मी लिहिते, नॅथन वाचून रेकॉर्ड करतो. लोकांना भुताचा किल्ला लागतो हो. बुरूज, बंद दरवाजा, आत कुणीतरी. श्रीरामपूरहून नेवाशाला येताना एसटीतून ही गढी दिसायची. म्हटलं, हाच आपला किल्ला. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. सगळं मनानं रचलं.

सूर्यभान : आन दुपारी माझ्या घरी च्या पिताना बोलला न्हाई.

हन्ना : तुम्ही त्या गोष्टीबद्दल इतके घाबरून बोलत होता की जीभच रेटली नाही. मामींनी भाकरी वाढली, ती खाल्ली मुकाट. मला वाटलं, नॅथन तेवढे आवाज घेईल आणि आम्ही निघू. ऐकणारे म्हणतात, तुमच्या भुयारातले आवाज खोटे वाटतात. म्हणून आलो. आवाज घेताना त्याला जवळ कुणी नको असतं, माझ्या बांगड्याही वाजतात म्हणतो. म्हणून मी तुमच्याकडेच थांबले. ऊन उतरेपर्यंत इकडे फिरकलेसुद्धा नाही.

सूर्यभान : पन ताई, ती गोष्ट तुमची कशी आसंल? आमचा आजा सांगायचा की. गढीतलं बाईच्या आवाजात बोलतंय म्हनून.

हन्ना : नाही मामा. मागल्या पावसाळ्यात मी लिहिली. माझ्या स्वयंपाकघरात बसून. तुम्ही मोबाईलवर ऐकलंत, आता आजोबांचं म्हणून आठवतंय तुम्हाला.

सूर्यभान : आजा मेला तवा मला मिसरूड न्हवती. मोबाईल कुठनं आनू त्याला?

हन्ना : असं नका ना बोलू. आत्ता नका बोलू.

सूर्यभान : मी बी तेच म्हनतो. उगी नाव काढू नगा.

हन्ना : पुन्हा खोकला. ऐकलंत? नॅथन! मी आहे, हन्ना! बघा, लगेच बंद झाला. तोंड दाबून धरल्यासारखा.

सूर्यभान : आपल्यात पयल्या हाकेला ओ देत न्हाईत, तिन्हीसांजंला तर न्हाईच. तिसरीला देत्यात. पन तुमी तर घसा बसंपत्तूर हाका मारल्या.

हन्ना : देवा. मामा, ते तिसऱ्या हाकेचं माझ्या आईनंही सांगितलं होतं. मी गोष्टीत ते मोडलं. म्हटलं, जी गोष्ट माणसाला वाचवते तीच काढून घेतली तर भीती वाढेल. माझी गढी तीनदा बोलावते. दहादा बोलावते. बायकोच्या आवाजात, गोड बोलून. आणि जो ओ देतो तो परत येत नाही.

सूर्यभान : आन ते वाचून कुनी दाखवलं?

हन्ना : त्यानंच. वाचतानाही घाम फुटला होता त्याला. मी हसले होते. मामा, तो मलाच घाबरलाय. मी जितकी बोलावते तितका तो गप्प बसतोय.

सूर्यभान : मंग तुमीच लिवलंय तर तुमीच तोड काढा. लौकर. ही बघा, वरनं पुन्ना माती झिरपाया लागली.

हन्ना : काय बोलू? लग्नाची तारीख सांगू? माझ्या गोष्टीतल्या आवाजाला तीही ठाऊक असते. सगळंच ठाऊक असतं त्याला.

सूर्यभान : आसं एक तरी आसंल, जे त्याला ठाव नसंल.

हन्ना : थांबा. भीती. मी लिहिलेलं कुठलंच भूत कधी घाबरत नाही. घाबरलेलं भूत कोण ऐकणार? नॅथन, ऐक. मी तुला ये म्हणत नाही. तू येऊ नकोस, तिथंच बस. मला भीती वाटतेय. माझे हात थरथरतायत. तुला काही झालं तर मी घरी एकटी कशी जाऊ? आणि पॅसेजमधला दिवा मी रात्रभर चालू ठेवते ना, तुझ्यासाठी म्हणून तुला चिडवते, तो तुझ्यासाठी नसतो रे. माझ्यासाठी असतो. मला अंधाराची भीती वाटते. लहानपणापासून वाटते.

सूर्यभान : आतनं काय आवाज न्हाई, ताई.

हन्ना : बोलू नका.

नॅथन : मला माहीत आहे.

हन्ना : नॅथन?

नॅथन : दिव्याचं. मला माहीत आहे ते. तू झोपलीस की मी बंद करायला उठतो, तर झोपेतच माझा हात धरतेस.

सूर्यभान : पावनं, कुठल्या अंगाला हायेत तुमी? डाव्या का उजव्या?

नॅथन : डावीकडे. गोल खड्डा आहे. एक पाय मातीखाली आहे. मोबाईल विझला.

सूर्यभान : पेवात हाय. बरं झालं. ताई, सरका. पावनं, डोसक्यावर हात धरा आन कडंला अंग चोरून बसा. मी डाव्या वाटंनं उकरत येतो. देवा म्हसोबा, संभाळ रं बाबा.

हन्ना : मी हातानं काढते माती. तुम्ही खणा. नॅथन, बोलत राहा. काहीही बोल.

नॅथन : काय बोलू?

हन्ना : मला शिव्या दे.

नॅथन : पुढची गोष्ट किल्ल्याची नको लिहूस.

हन्ना : नाही लिहिणार. आईशप्पथ.

सूर्यभान : हात दिसला. धरा, पन वढू नगा. त्याला सरकू द्या. आस्सं. आता पाय. आला, आला भाईर.

हन्ना : किती गार पडलायस. पाय टेकतो का?

नॅथन : मुरगळलाय. टेकतो. हन्ना, तू खरंच थरथरतेयस.

हन्ना : सांगितलं ना. मामा, तुमचे उपकार कसे फेडू?

सूर्यभान : ते राहू द्या, आदी खाली चला. पन पावनं, येवढं आत शिरलात कशाला? तोंडाशी थांबा म्हनून बजावलं हुतं.

नॅथन : तोंडाशीच होतो मी. मशीन लावलं होतं, उन्हात बसलो होतो. मग हन्नानं आतून हाक मारली. नॅथन, इकडे ये, म्हणून. मला वाटलं, ही माझ्या नकळत येऊन आत शिरली. ओ दिली आणि गेलो. आत गेलो तर कुणीच नव्हतं. वळलो तर माती आली. त्यानंतर ठरवलं, कुणीही बोलावलं तरी ओ द्यायची नाही.

सूर्यभान : कवाची गोष्ट?

नॅथन : दुपारी. तुमच्याकडून वर आलो, लगेच.

सूर्यभान : दुपारी तर ताई आमच्या...

हन्ना : मामा, कुदळ राहिली तुमची. ती घ्या.

नॅथन : हन्ना, तूच होतीस ना?

हन्ना : मीच होते. गंमत केली तुझी, आणि पळाले मामींकडे. हात दे, आणि गाव येईपर्यंत सोडू नकोस.