आबारावांचा दगड

(सास्तूर. उद्या आबारावांचा स्मृतिदिन. त्यांची बायको मथुराबाई, आणि हिमालयातल्या हिमनद्यांचा अभ्यास करणारा मुलगा प्रसेनजित. वडलांना तो दादा म्हणतो.)

मथुराबाई : ह्यो फोटू तिथला न्हाय. मागल्या साली दगडामागं दोन शिखरं व्हती. आता एकच दिसतंय.

प्रसेनजित : दगड तोच आहे आई. दादांचं नाव मीच रंगवलं होतं की त्याच्यावर.

मथुराबाई : मग सरकवला कुणी? तुजे गोरोबाकाका तिथं बी पोचले का काय?

प्रसेनजित : काकांनी जल्मात बांध जेवढा कोरला, त्याच्यापेक्षा जास्त सरकलाय. कुणी हात न लावता. बर्फ हळूहळू खाली वाहतो, वरचा दगड घेऊन.

मथुराबाई : आन हे तुला ठावं नव्हतं?

प्रसेनजित : पोरांना तेच तर शिकवतो. बर्फ किती सरकला ते मोजायचाच पगार घेतो. पण दादांचं नाव ठेवायची वेळ आली, तेव्हा सगळी विद्या गुंडाळून बांधावर रोवतात तसा बर्फात दगड रोवला. काठाच्या खडकावर ठेवायला काय झालं होतं? यंदा जागेवर दिसला नाही, तर सोबतच्यांवर चोरीचा आळ घेतला. दिवसभर हसत होते मला.

मथुराबाई : आन म्या समद्या गावाला सांगून बसले, आमचं मानूस हिमालयात पक्कं बसलंय. उद्या लोक फोटू मागत्याल.

प्रसेनजित : माझी फजिती सांगून टाक. साहेब होऊन बी येडाच राहिला म्हणावं.

मथुराबाई : तुजे दादा कवा लोहाऱ्याच्या पल्याड गेले न्हाईत. भूकंपानंतर नवं घर मिळालं, तरी रोज जुन्या जागेवर जाऊन बसायचे. आन आता निघाले व्हय फिरायला? कुठवर जात्याल?

प्रसेनजित : बर्फ आहे तिथवर. पण बर्फाचं खालचं टोक दरसाल वितळून मागं हटतंय. दगड खाली येतोय, टोक वर चाललंय. दोघांची गाठ पडली की दगड जमिनीवर पडेल. मग हलायचा नाही.

मथुराबाई : म्हंजी तवा पक्के बसत्याल.

प्रसेनजित : हो. पण तेव्हा तिथं बर्फ नसेल. मला त्याचीच लई भीती वाटते, आई.

मथुराबाई : …मग दोनी फोटू लाव उद्या, शेजारी शेजारी. काय सांगायचं ते म्या सांगते लोकांला.

प्रसेनजित : काय सांगशील?

मथुराबाई : चालत्यात म्हनून. आन तू दरसाल जात जा. अजून पोचले न्हाईत, येवढंच मला येऊन सांग.