खोटा बेलभंडार

मी इंदुरीच्या पलीकडल्या अंगाचा, नदी उतरलं की आमची वाडी. कुणब्याचं घर, आज्यानं भाताची खाचरं केली, बापानं केली, मीबी तीच केली. नाव धोंडिबा. बाप्तिस्मा झाला तवा पाळक म्हनले दुसरं नाव घे, मी म्हनलो नगं, ज्यानं पाप केलं त्यो धोंडिबाच ऱ्हाऊ द्या की. हसले त्ये. पर पाप कंचं, त्ये मी तवा सांगितलंच न्हाई. काय सांगू तुमाला, आजबी सांगाया लाज वाटती, पर लिवायला बसलाय तर लिवा.

थोरला चुलतभाऊ किसन, त्याचं खाचर माझ्या खाचराला लागून, मधी येकच बांध. वलवणला धरणाचं काम निघालं तवा किसन माती उपसायला गेला आन तितंच पटकीनं गेला. मागं गंगूवैनी येकटी. बाईमानूस नांगर धरनार न्हाई, सांगून-सवरून कुनाकडनं तरी नांगरून घेनार, तिचं ध्यान बांधाकडं कुटनं असनार, आसं मला वाटलं. मग मी काय केलं, नांगरताना फाळ जरा बांधाला लावायचा, ईतभर बांध कोरायचा, आन तेवढाच चिखल बांधाला तिच्या बाजूनं लिपायचा. ह्या सालाला ईतभर, फुडल्या सालाला ईतभर. बांध दिसायला तेवढाच, पर सरकत सरकत तिच्या खाचरात गेला. चोर तरी तोंड बांधून येतो, मी रोज तिला वाटंवर भेटून वैनी, जेवलीस का म्हनून इचारायचो.

पाचव्या सालाला वैनीनं गावाची पंचायत बसवली. पंच म्हनले, धोंडिबा, भैरोबाम्होरं बेलभंडार उचल आन सांग. आमच्यात ह्येच शेवटचं. बेलाचं पान आन हळदीचा भंडार तळहातावर घ्यायचा आन बोलायचं, खोटं बोललं तर देव घरादाराला धरतो. मी उचलला. म्हनलो, बांध बापाच्या येळचा हाय, तसूभर हलला न्हाई. वैनीनं पदर सावरला आन गेली.

त्याच सालात माझा बैल पडला. मग थोरली लेक तापानं गेली, सात वर्सांची. बायको रडायची, मला रडूबी येईना, नुसतं भ्या, लय भ्या, आता भैरोबा येकेकाला धरनार. तवा तळेगावाकडनं मिशनचे पाळक वाडीला यायचे, पाप, क्षमा, येशू, समदं सांगायचे. मी येकच इचारलं, तुमच्यात बेलभंडार चालतो का? न्हाई म्हनले, तसलं भ्या धरायचं कारन न्हाई. झालं. लोक म्हनतात धोंडिबाला येशू भेटला. कशाचा भेटतोय. मी भैरोबाला चुकवून पळालो व्हतो. देव बदलला की शपथ सुटती, ह्यी माझी अक्कल. नदीत बाप्तिस्मा घेतला, पान्यातनं डोकं वर काढलं तर समोर काठावर माझंच खाचर आन त्योच बांध.

उपासना आमच्याच ओसरीवर व्हायची. प्रभुभोजनाच्या दिशी भाकर फिरायची, प्याला फिरायचा, आन त्याच्याआदी पाळक सांगायचे, ज्याचं शेजाऱ्याशी वाकडं हाय त्यानं आदी त्ये मिटवून यावं. मी दर टायमाला बैल सोडायचं निमित्त काढून भाईर. दोन वर्सं आसं चाललं. येकदा पाळक मागोमाग गोठ्यात आले, म्हनले बैल तर बांधलेलेच हायेत. मग मी समदं वकलो. वाटलं, म्हनतील, जा, झाली क्षमा. त्ये म्हनले, क्षमा तर झालीच धोंडिबा, पण बांध कुठं आहे?

शपथ गावाम्होरं घेतलेली, मोडायचीबी गावाम्होरंच. पर आमी बाटलेले, देवळाची पायरी कोन चढू देतंय. मग गाव गोळा केलं, खालीच चपला काढून हुबा ऱ्हायलो आन म्हनलो, बांध अडीच हात तिच्यात गेलाय, म्या कोरला, बेलभंडार खोटा उचलला. कुनी थुकलं, कुनी म्हनलं येशूनंबी हाकलला वाटतं. वैनी म्होरं आली. हळूच म्हनली, मला पयल्या सालापासनं ठावं व्हतं, भावजी. तुमची लेक आजारी पडली तवा मी भैरोबाला पाच रविवार उपाशी ऱ्हायले. म्हनलं, बांध ऱ्हाऊ दे त्याच्याकडं, पर शपथ त्या लेकराला लावू नगंस.

काय सांगू तुमाला. ज्या देवाला चुकवून मी पळालो, त्याच्याम्होरं ती माझ्यासाठी उपाशी बसली व्हती. मी तितंच मातीत बसलो. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घ्यायचं म्हंजे काय, त्ये पाळक लय येळा सांगायचे, मला त्या दिशी उमगलं, आन त्येबी जी कदी प्रार्थनेला आली न्हाई तिच्याकडनं.

बांध त्याच आठवड्यात मागं घेतला. फुडल्या प्रभुभोजनाला प्याला तोंडाला लावला. पाप गेलं, ह्ये मी छातीवर हात ठेवून सांगतो. लाज काय गेली न्हाई. आता साठी उलटली, नांगर जावई धरतो, त्याला सांगून ठिवलंय, बांधापासनं हातभर जिमीन आपल्या अंगाला पडीक सोड. तितं गवत वाढतं, वैनीची गाय चरती. वैनी आमच्या घरचं पानी अजून पीत न्हाई, बाटल्याचं म्हून. तिला देव सुकात ठेवो, तिचाबी आन माझाबी. गाय घिऊन आली की बांधावर बसती आन मला इचारती, भावजी, जेवला का. मला अजून वर बघून जबाब देता येत न्हाई.